डब्याचे राखीव नमुने

माझं पोट शुक्रवारी दुखत नसे. शनिवार ते गुरुवार दुखायचं आणि शुक्रवारी एकदम शहाण्यासारखं गप्प. आमच्या बोईसरच्या कारखान्यांना आठवड्याची सुट्टी शुक्रवारची, रविवारची नाही, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. एवढ्या एका गोष्टीवरून कुठल्याही धड डोक्याच्या माणसाला दुखणं कुठून येतंय ते कळलं असतं. मला कळलं नाही. मी केमिस्ट होतो ना! रंग बनवणाऱ्या एका कंपनीच्या लॅबमध्ये बसायचो, आणि तपासल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही ह्याचाच मला पगार मिळायचा. मी तपासत गेलो, आणि तपासता तपासता स्वतःचा संसार मोडायच्या बेताला आणला. तेच सांगतोय.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. लग्नाला दीडेक वर्ष झालं होतं. मी केळव्याचा, आमची नारळ-सुपारीची वाडी. बायको दातिवऱ्याची, कोळ्याच्या घरातली, सासऱ्यांची स्वतःची होडी. पालघरच्या कॉलेजात ती माझ्या मागच्या वर्गात होती. लग्न आम्ही दोघांनीच ठरवलं. माझ्या घरच्यांनी नाकं मुरडली; आई लग्नाला आली ती कोपऱ्यात बसून, अक्षता टाकून गेली. कॉलेजात बायको मला 'तू' म्हणायची. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी 'तुमी' झालं. मी म्हटलं, "हे काय नवीन?" तर म्हणे, "लोकं ऐकतात." लोकं म्हणजे आमची चाळ, पत्र्याच्या ओळीत सात खोल्या. सहा खोल्यांत कामगार, सातवीत आम्ही.

दुखणं सुरू झालं ते लग्नानंतर आठ-नऊ महिन्यांनी. आधी नुसती जळजळ. मग बरगड्यांखाली कोणी मूठ आवळून धरल्यासारखं व्हायला लागलं. आंबट ढेकर, गॅस, आणि मधूनच अशी कळ की हातातली बाटली टेबलावर तशीच टाकून संडासकडे धाव. लॅबमधले हसायचे. "साहेब चालले राउंडवर!" हसा लेको, मी मनात म्हणायचो, तुमचं दुखेल तेव्हा बघीन. पॅन्टच्या पट्ट्याला दोन भोकं नवीन पाडावी लागली. चिडका मी आधीपासूनच. त्यात पोट बिघडलं म्हणजे बघायलाच नको.

पहिला संशय पाण्यावर. चाळीच्या बोअरिंगच्या पाण्याला उन्हाळ्यात पिवळट झाक यायची. घरमालकाला आधी चार शब्द सुनावले आणि मग पाणी लॅबमध्ये नेऊन तपासलं. जड होतं, जरा खारट होतं, बाकी त्यात काही नव्हतं. घरमालक आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. मग कँटीनच्या चहावर संशय घेतला, चहा सोडला. स्टेशनबाहेरचा वडा सोडला. जिवावर आलं, पण सोडला. मग संशय सुक्या मासळीवर गेला. सासूबाई दातिवऱ्याहून जवळा, सोडे, बोंबील भरभरून पाठवायच्या. मी फर्मान काढलं, ह्या घरात सुकं शिजवायचं नाही. कोळ्याच्या पोरीला हे सांगायचं म्हणजे काय, कल्पना करा. तिनं एक अक्षर न बोलता सगळं पिशवीत भरलं आणि शेजारच्या खोलीत देऊन आली. शेजारी उत्तर प्रदेशातला एक लेथवाला एकटा राहायचा. तो आमच्या दारात येऊन सांगायचा, "भाईसाब, भाभीजी के मायके की मछली का जवाब नहीं!" तो तेच बोंबील खाऊन टुणटुणीत, आणि मी वरणभात खाऊन पोट धरून बसलेला. मला त्याचासुद्धा राग आला.

शेवटी स्टेशनजवळच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पोट दाबलं, जीभ बघितली, आणि विचारलं, "कामावर कसं काय चाललंय?"

मी म्हटलं, "डॉक्टर, माझं पोट दुखतंय."

"पोटाचंच विचारतोय. झोप लागते का? कसली काळजी आहे का डोक्याला?"

माझं टाळकंच सरकलं. मला वाटलं, ह्या माणसाला निदान करता येत नाही म्हणून गप्पा मारत बसलाय. काम अगदी उत्तम चाललंय, असं ठणकावून सांगितलं, गुलाबी औषधाची बाटली घेतली आणि तडक घरी आलो. औषधानं दोन तास बरं वाटायचं, पुन्हा येरे माझ्या मागल्या. मग त्यांनी मुंबईला फोटो काढायला पाठवलं, तो पांढरा खडूसारखा रस पाजून काढतात तो. फोटो स्वच्छ आला. जखम नाही, गाठ नाही, काही म्हणता काही नाही. दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते. मी मात्र परत येताना गाडीत एकच विचार करत होतो: आत काही नाही, म्हणजे बाहेरून येतंय.

त्याच आठवड्यात पालघरला आत्याकडे गेलो. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. माझ्या लग्नाला ती आलीच नव्हती, पण माझ्यावर जीव होता तिचा. मला दारात बघून तिनं कपाळावर हात मारला. "अरे बाबा, काय दशा झाली तुजी!" आत बसवलं, चहा दिला, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "एक विचारू? रागवू नको. तुजा डबा कोण भरतं?"

"बायको भरते. दुसरं कोण भरणार?"

"मग तुला खायला घातलंय कायतरी."

मी हसलो. म्हटलं, "आत्या, मी सायन्सवाला माणूस. असलं काही मला सांगू नको. आणि लग्न झालंय आमचं, आता कशाला घालेल ती?"

"ताब्यात ठेवायला घालतात," आत्या म्हणाली. "तीन महिने झाले, तू केळव्याला गेला नायस. का गेला नायस, सांग बघू."

मला सांगता येईना. खरंच गेलो नव्हतो. शुक्रवार आला की कुठे जावंसंच वाटायचं नाही, कुणाशी बोलावंसं वाटायचं नाही. मी हसत हसत आत्याच्या पाया पडून निघालो, पण स्टेशनवर येईपर्यंत हसू उतरलं होतं. मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

आणि मग मी शुक्रवारचा हिशेब मांडला, तो असा. शुक्रवारी पोट दुखत नाही. शुक्रवारी डबा नसतो. शुक्रवारी बायको आणि मी एका पातेल्यातलं, समोरासमोर बसून जेवतो. रात्रीचंही तसंच, बरोबर जेवतो, आणि रात्रीही दुखत नाही. ती माझ्याबरोबर जेवते तेव्हा जेवण स्वच्छ. जे एकट्या माझ्यासाठी भरलं जातं, तेच तेवढं नडतं. म्हणजे डबा! इतकं चोख उत्तर कॉलेजातसुद्धा कधी आलं नव्हतं मला. लिहायला आज लाज वाटते, पण त्या दिवशी मला जो आनंद झाला होता तो खरा होता. चोर सापडल्याचा आनंद.

आता आमच्या लॅबची एक रीत सांगायला हवी. मालाचा प्रत्येक घाणा निघाला की त्यातला थोडा माल छोट्या बाटलीत भरून, बुचाला मेण लावून, वर चिठ्ठी चिकटवून कपाटात ठेवायचा. त्याला राखीव नमुना म्हणायचे. उद्या गिऱ्हाइकानं तक्रार केली, तर ती बाटली काढून पुन्हा तपासायची. वर्षभर बाटली फेकायची नाही. नोकरीत पहिल्या दिवशी शिकलो ते हेच, आणि घरी जाऊन लागू केलं तेही हेच.

मी डब्याचे राखीव नमुने ठेवायला लागलो. जेवणाच्या सुट्टीत सगळे कँटीनला गेले की डबा उघडायचा, भाजीचा एक चमचा, आमटीचा एक चमचा बाटलीत, कुजू नये म्हणून वर फॉर्मॅलिनचे दोन थेंब, बूच, मेण, चिठ्ठी. चिठ्ठीवर तारीख, वार, पदार्थ, आणि खाली 'वेदना सुरू: वेळ'. अक्षर माझं सुबक. लाल भोपळ्याची भाजी नि मेथीचं वरण, शनिवार. अंड्याचं कालवण, मंगळवार. कपाटात खालच्या फळीवर, रंगाच्या नमुन्यांच्या मागे, ओळीनं लावत गेलो. उरलेला डबा खायचा की नाही? खायचो. भूक लागायची ना! शिवाय दुखलं पाहिजे, तरच नमुन्याला अर्थ.

घरी मी तिच्यावर नजर ठेवायला लागलो. सकाळी ती डबा भरताना मी दाढीचा आरसा अशा बेतानं टांगायचो की स्टोव्ह दिसावा. मिठाच्या बरणीत बोट बुडवून चाटायचो. दातिवऱ्याहून आलेल्या पिशव्या ती अंघोळीला गेली की उलट्या करायचो. संध्याकाळी ती सहज विचारायची, "आज काय केलंत दिवसभर?" रोज विचारायची, एक दिवस चुकायची नाही. हिला कशाला हवंय ते, असं मला वाटायचं. मी खेकसायचो, "काय करणार, नोकरी केली!" ती गप्प बसायची. तिच्या गप्प बसण्याचाही मला संशय यायचा.

मग एका दिवशी पुरावा सापडला. आंबट कालवणाचा एक नमुना मी रीतसर तपासायला घेतला आणि विषारी धातू पकडायचा तो सडक्या अंड्याच्या वासाचा वायू त्यात सोडला. नळीतलं पाणी बघता बघता काळपट झालं. खाली काळा साका बसला. मी भिंतीला टेकून उभा राहिलो आणि मनाशी म्हटलं, आत्या बरोबर बोलत होती.

दुसरी तपासणी करायला हवी होती. काळं होणाऱ्या धातूंत साधं लोखंडही येतं, हे पहिल्या वर्षाचा पोरगा सांगेल. मी केली नाही. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. त्यातच वरून माणसं कपाटं बघायला येणार अशी खबर आली, म्हणून सगळ्या बाटल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून घरी आणल्या आणि खाटेखाली सरकवल्या. काय करायचं ते शुक्रवारी केळव्याला जाऊन वडिलांना विचारणार होतो.

शुक्रवार यायच्या आधी रविवार आला. साडेपाचला घरी पोचलो तर बायकोनं खोलीच्या फरशीवर सगळ्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या. तारखेवार. त्रेचाळीस. आणि ती शेवटी बसलेली, पदर खोचून, झाडू बाजूला टाकून.

"ही बटाट्याची भाजी," तिनं एक बाटली उचलली. "ही माजीच ना? आणि ही पण माजी. सगळी माजी." मग मान वर केली. "काय घातलं मी हिच्यात? सापडलं?"

लोकं ऐकतात म्हणून 'तुमी' म्हणणारी माझी बायको त्या दिवशी दार सताड उघडं ठेवून 'तू' वर आली. माझाही तोल सुटला. म्हटलं, "हो, सापडलं! कालवणात काळं आलंय. तूच सांग ते काय आहे."

"कुठलं कालवण? कोकमाचं?" तिनं चिठ्ठ्या वाचत वाचत बरोबर ती तारीख काढली. "हे लोखंडाच्या कढईत केलं होतं. तुज्याच आयनं दिलेली कढई. आंबट लोखंडात केलं की काळं येतं, माजी आय शाळेचं तोंड न बघता सांगते. तू कसला रे बी.एस्सी.?"

ती थांबली नव्हती. ती चिठ्ठ्या वाचत होती, एक एक, बोट ठेवून.

"ही वेळ कसली लिवलीस खाली?"

"दुखायला लागलं ती."

"दहा चाळीस. पावणेअकरा. दहा पन्नास. दहा चाळीस." तिचं बोट पुढं पुढं सरकत होतं. "डबा किती वाजता उघडतोस?"

"साडेबाराला."

तिनं बाटली खाली ठेवली. "म्हणजे माजा डबा बंद असतानाच तुजं पोट दुखतं?"

त्रेचाळीस बाटल्यांवर त्रेचाळीस वेळा मी माझ्या हातानं ते लिहिलं होतं आणि एकदाही वाचलं नव्हतं. आदल्या दिवशीच्या डब्याचा परिणाम असेल, असं काहीतरी तोंडात आलं होतं, ते गिळलं.

"साडेधाला काय करतोस तू तिथं?" तिनं विचारलं. रागानं नाही. खरंच कळून घ्यायचं होतं तिला.

"काही नाही. काम."

"कसलं काम?"

"सांगितलं ना, काम! तुला काय कळणार त्यातलं?"

ती वाट बघत बसली. मग उठली, दोन साड्या पिशवीत घातल्या. "माज्यावर तुजा विश्वास नाय, ते मी बघितलं," ती म्हणाली. "पण तुज्या पोटात काय हाय ते तू मला सांगत पण नायस. मग मी इथं कोणासाठी स्टोव्ह पेटवू?" सफाळ्याला उतरून शेवटची एस.टी. मिळाली असेल तिला. मी स्टेशनपर्यंतसुद्धा गेलो नाही. फरशीवर त्रेचाळीस बाटल्या, आणि मी.

साडेदहाला मी काय करायचो ते आता सांगतो. कंपनीचं सांडपाणी भिंतीबाहेर नाल्यात सोडायच्या आधी एका टाकीत यायचं. तिथे चुना टाकून त्याचं आम्ल मारायचं, आणि रोज साडेदहाला मी त्यात कागदाची पट्टी बुडवून आकडा वहीत लिहायचा. सात म्हणजे साधं पाणी. आकडा जितका खाली, तितकं पाणी जहाल. नवीन मॅनेजर आला आणि चुना टाकायचं बंद झालं, कारण त्यात वेळ जातो. पट्टी लालभडक व्हायची. दोन. मी दोन लिहिलं तर त्यानं वही माझ्यापुढं आपटली. "अरे, आकडाच तर लिहायचाय. सात लिही. तुझं काय जातंय?" नोकरी नवी, संसार नवा, घरच्यांना दाखवून द्यायचं होतं की आमचं झकास चाललंय. मी सात लिहिलं. खाली सही केली. दुसऱ्या दिवशी परत. सरकारी माणूस आला तर बागेच्या नळाचं पाणी बाटलीत भरून त्याच्या हातात दिलं, तेही ह्याच हातानं. नाला खाडीला जायचा. रोज साडेदहाला वही उघडायची आणि दहा चाळीसला माझ्या पोटात मूठ आवळायची, आणि हे मी बायकोला सांगितलं नव्हतं, डॉक्टरला नाही, स्वतःलाही नाही. ज्याच्या स्वतःच्या घरात चोरीचा माल असतो ना, तो आल्यागेल्याच्या पिशव्या तपासत बसतो. मी तसा झालो होतो.

एवढं कळूनही मी लगेच सरळ झालो असं समजू नका. सोमवारपासून स्वतः खिचडी करून नेली, डबा दिवसभर टेबलावर डोळ्यांपुढं ठेवला. दहा चाळीसला दुखलं. मंगळवारी तेच. बुधवारी, गुरुवारी तेच. म्हटलं, शुक्रवारी तरी सुटका. आणि त्या शुक्रवारी, पहिल्यांदाच, सकाळी उठल्यापासून दुखायला लागलं. कामावर जायचं नव्हतं, वही नव्हती, डबा नव्हता. नुसती रिकामी खोली होती. तेव्हा मात्र मी घाबरलो, खरंच घाबरलो. ही परत आली नाही तर? शेजारचा लेथवाला दारात येऊन उभा राहिला, त्यानं नुसतं विचारलं, "भाभीजी कब आएँगी?" आणि मला रडू फुटलं. दुपारची गाडी धरून दातिवऱ्याला गेलो.

सासरे पडवीत जाळं सांधत बसले होते. त्यांनी मान हलवली, 'या' म्हटलं नाही. सासूबाईंनी तांब्या आणून ठेवला आणि आत गेल्या. बायको अंगणात बांबूंवर बोंबील टाकत होती. मला बघून हात थांबले नाहीत तिचे. मी उभ्या उभ्याच बोलायला सुरुवात केली. आवाज चढवून बोललो, म्हणजे मधेच कच खाल्ली तरी मागे फिरता येणार नाही. वही, पट्टी, दोनचं सात, नळाचं पाणी, सगळं. बोलताना पोटातून कळा येत होत्या.

सासऱ्यांनी सुई थांबवली. "तरीच तिकडच्या खाडीचे लोक बोलतात, बोय मासळीला वास येतो म्हणून," ते म्हणाले. "आमच्या खाडीत नाय येत तुमचं पाणी. पण मासा काय खाडी बघून पवतो?" एवढंच. पुन्हा सुई चालू.

बायको माझ्याकडे वळली. डोळे भरलेले, पण आवाज करकरीत. "दीड वरीस रोज विचारते, आज काय केलंत, आज काय केलंत. एकदा सांगितलं असतंस. मी काय तुला खाल्लं असतं?" मग हातातला बोंबील बांबूवर टाकला. "आणि विष शोधत होतास माज्या डब्यात! लाज नाय वाटली तुला?"

"वाटते," मी म्हटलं.

"मग जा. पयलं तिकडं नीट लिव. मग मला न्यायला ये."

शनिवारी साडेदहाला मी वहीत दोन लिहिलं. अक्षर काही सुबक आलं नाही. रविवारी दोन, सोमवारी दोन. मंगळवारी मॅनेजरनं वही माझ्या हातातून काढून घेतली आणि माझ्या हाताखालच्या पोराकडे दिली. त्याने सात लिहिलं. मला गोदामात पिंपं मोजायला टाकलं, आणि चार-पाच महिन्यांत मीच सोडली ती नोकरी. पुढे पालघरला एका कॉलेजात लॅब असिस्टंट झालो. पगार कमी, कपाटं तीच. मी काही शूरवीर ठरलो नाही. नाल्याचं पाणी होतं तसंच वाहत राहिलं. पोटही एका दिवसात बरं झालं नाही. आधी वेळ सुटली, मग जोर गेला, आणि सहा-सात महिन्यांनी एकदा लक्षात आलं की बऱ्याच दिवसांत आपण पोटाचा विचारच केलेला नाही.

पंधरा दिवसांनी न्यायला गेलो, तेव्हा बायको परत आली. आल्या आल्या स्टोव्ह पेटवला, भात टाकला, बोंबलाचं कालवण केलं. घरात तो वास पसरला आणि मला वाटलं, सुटलो बाबा एकदाचा. तिनं ताट माझ्यापुढं ठेवलं. मी हात घालणार तर म्हणाली, "थांबा." 'तुमी' परत आलं होतं. तिनं माझ्या ताटातला एक घास कालवला, स्वतःच्या तोंडात घातला, सावकाश चावून गिळला. मग म्हणाली, "आता जेवा."

मी म्हटलं, "असं नको करू. पाया पडतो तुझ्या. मला बघवत नाही."

"असू द्या," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी डबा भरताना तेच. रात्री तेच. मी चिडलो, ओरडलो, एकदा ताट सरकवून उठलो, एकदा सरळ तिचे हात धरले. ती ऐकून घ्यायची, आणि पुढच्या ताटातला पहिला घास घ्यायची. मग मी बोलायचं सोडून दिलं. पालघरला बिऱ्हाड हलवलं तरी ते चालू राहिलं. पाहुण्यांसमोर करायची ते इतकं सहज की कुणाच्या लक्षातही यायचं नाही. बाकी आमचं सगळं ठीक होतं. हसायचो, भांडायचो, मुलगी झाली.

मुलगी सहा वर्षांची होती, नव्वदीनंतरची गोष्ट. मे महिन्यात ओटीवर तिनं भातुकली मांडली होती. शेजारचा मुलगा नवरा झाला होता. तिनं छोट्या ताटलीत चुरमुरे वाढले, त्याच्यापुढं ठेवले, आणि तो हात घालणार तर म्हणाली, "थांबा." ताटलीतला एक चुरमुरा उचलून खाल्ला. नीट चावला. मग म्हणाली, "आता जेवा."

मी तिथेच पेपर घेऊन बसलो होतो. विचारलं, "हे काय गं?"

"नवऱ्याला असंच वाढतात, बाबा," ती म्हणाली. "आई नाही का वाढत? पण का वाढतात असं?"

बायको दारात तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. "सांगा ना तिला," ती म्हणाली. "विचारतेय ती."

मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी पेपरची घडी केली, उलगडली, आणि म्हटलं, "रीत असते बाळा, आपल्याकडे."